ब्रिजवरचा सीपीयू शंभरावर गेला की

संध्याकाळचे आठ वाजले, की नेटवाल्याचा फोन वाजायला लागतो. "दादा, नेट हाय, पण नुसतं गोल फिरतंय." कराडपासून जतपर्यंत तक्रारीचे शब्द थोडेफार हेच असतात. वरून येणारी लाइन तपासावी तर ती निम्मीसुद्धा भरलेली नसते. टॉवरवरच्या लिंकचा सिग्नल ठीक, फायबरची पॉवर ठीक. मग मधल्या बॉक्समध्ये लॉगिन केलं की दिसतं, सीपीयू ९८, ९९, १००. अशा वेळी बहुतेक जण बॉक्स रीस्टार्ट करतात, आणि दोन-चार वेळा तसं झालं की मोठा बॉक्स मागवतात. रीस्टार्टने पाच मिनिटं बरी जातात. मोठ्या बॉक्सने काही महिने जातात. मूळ दुखणं बहुधा तसंच राहतं, कारण ते बॉक्सच्या ताकदीत नसून पॅकेटच्या वाटेत असतं.

हा लेख सातारा-सांगलीकडच्या छोट्या नेटवाल्यांसाठी आहे. कॉलेजची लॅब किंवा हॉस्टेल सांभाळणाऱ्यांना आणि पतसंस्थेत किंवा रुग्णालयात 'कॉम्प्युटरचं सगळं तूच बघ' असं सांगितलेल्या माणसालाही तो लागू पडेल. उदाहरणं मुख्यतः मायक्रोटिकची घेतली आहेत, कारण आपल्याकडच्या शेडमध्ये आणि केबलच्या हेडएंडवर लॅटव्हियातल्या या कंपनीचे बॉक्स सगळीकडे दिसतात. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी पुढे वेगळं लिहिलं आहे.

आधी हा गुंता होतो कसा ते पाहू. वारणेच्या खोऱ्यात १९९८ साली 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प आला, तेव्हा कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली ७० गावं आधी कागदावर ठरली आणि मग जोडायला घेतली. नंतरचं घरोघरीचं नेट असं आखून आलेलं नाही. केबलवाल्यांनी ते एकेक गल्ली, एकेक वाडी करत पसरवलं. नवी वाडी आली, की मधल्या बॉक्सचा आणखी एक पोर्ट ब्रिजमध्ये टाकायचा आणि मोकळं व्हायचं. आयपीचा हिशोब नको, राउटिंग नको. काम झटपट होतं, म्हणून सगळे हेच करतात, आणि शंभरेक घरांपर्यंत त्यात काही वावगंही नाही.

मग एके दिवशी कोणीतरी घरातल्या राउटरची वायर चुकीच्या पोर्टला लावतो. तो राउटर साऱ्या गावाला १९२.१६८ चे पत्ते वाटायला लागतो आणि गाव बंद पडतं. त्यासाठी ब्रिज फिल्टरमध्ये एक रूल येतो. एखाद्या दुकानदाराचा स्पीड बांधायचा असतो, म्हणून ब्रिजच्या सेटिंगमध्ये 'यूज आयपी फायरवॉल'ला टिक लागते. कोणीतरी व्हायरसच्या पोर्टांची यादी देतो, ती जशीच्या तशी चिकटवली जाते. दोन-तीन वर्षांत रूल साठावर जातात. त्यातला कुठला कशासाठी टाकला हे टाकणाऱ्यालाही सांगता येत नाही, आणि पुष्कळदा तो नोकरी सोडून पुण्याला गेलेला असतो.

साधा ब्रिज फक्त मॅक पत्ता बघून पॅकेट या पोर्टातून त्या पोर्टात देतो. बॉक्समध्ये स्विच चिप असेल तर हे काम चिपच करते, सीपीयूला त्याची खबरही नसते. चिप नसली तरी 'फास्ट पाथ' नावाची आडवाट असते, तिच्यावरून गेलेल्या पॅकेटचा सीपीयूवर भार थोडा पडतो. ब्रिज फिल्टरमध्ये एक रूल टाकला तरी ही आडवाट बंद होते. 'यूज आयपी फायरवॉल'ची टिक लावली की बंद होतेच, शिवाय प्रत्येक पॅकेट आयपी फायरवॉलच्या प्रीराउटिंग, फॉरवर्ड आणि पोस्टराउटिंग या तिन्ही टप्प्यांतून जातं, वर कनेक्शन ट्रॅकिंगच्या वहीत त्याची नोंद होते. पुण्याहून कोल्हापूरला निघालेला ट्रक आनेवाडीला अडतो आणि तासवड्याला पुन्हा अडतो, तसं हे आहे. माल तोच, गाडी तीच, पावती दोनदा.

आता आकडे बघा. १५०० बाइटच्या मोठ्या पॅकेटांनी ५०० एमबीपीएस वाहतूक चालली असेल, तर सेकंदाला सुमारे ४१ हजार पॅकेट होतात. प्रत्येकाला ६० रूल ओलांडावे लागले तर सेकंदाला जवळपास २५ लाख तपासण्या. पॅकेट लहान झाली की हिशोब आणखी बिघडतो. एक गिगाबिटची लाइन सगळ्यात लहान, ६४ बाइटच्या पॅकेटांनी भरली तर सेकंदाला १४ लाख ८८ हजार पॅकेट येतात. तीच मोठ्या पॅकेटांनी भरली तर ८१ हजारच. सीपीयूला एमबीपीएसशी देणंघेणं फारसं नसतं, त्याला पॅकेटं मोजावी लागतात. म्हणून ग्राफमध्ये लाइन अर्धी रिकामी दिसते आणि बॉक्स मात्र धापा टाकतो.

तपासणी सुरू करण्याआधी एक खबरदारी. टॉर्च आणि पॅकेट स्निफर चालू ठेवून सीपीयू बघू नका. ती हत्यारं स्वतःच पॅकेट उचलून बघतात, त्यामुळे आधीच दमलेल्या बॉक्सवर तुम्हीच आणखी भार टाकता. आधी 'टूल'मधला 'प्रोफाइल' उघडा, आणि त्यात सीपीयू 'ऑल' निवडा. हे 'ऑल' महत्त्वाचं आहे. चार कोरच्या बॉक्समध्ये एक कोर पूर्ण भरला आणि बाकीचे तीन मोकळे असले, तर वरचा एकत्रित आकडा २५ टक्केच दाखवतो. लोक तो बघून म्हणतात, सीपीयूला काही झालेलं नाही. सगळी पॅकेट मात्र त्या एका कोरच्या दारात तुंबलेली असतात.

समजा, प्रोफाइलमध्ये 'फायरवॉल' ४५, 'ब्रिजिंग' २०, 'क्यूइंग' १२, 'नेटवर्किंग' १० असं काही दिसलं. फायरवॉल सगळ्यात वर आणि त्यामागे ब्रिजिंग, अशी जोडी दिसली की समजा, ब्रिजवरून जाणारी पॅकेट आयपी फायरवॉलमध्ये वळवली जात आहेत. 'क्यूइंग' वर असेल तर रूल बाजूला ठेवा आणि सिंपल क्यूची यादी बघा. 'एल-सेव्हन मॅचर' नावाची ओळ दिसली, तर कोणीतरी यूट्यूब किंवा फेसबुक बंद करायला शब्द शोधणारा रूल टाकला आहे. तो प्रत्येक कनेक्शनची पहिली १० पॅकेट किंवा २ केबी गोळा करून त्यात अक्षरं शोधत बसतो. आजची जवळपास सगळी वाहतूक कुलूपबंद असते, त्यामुळे या शोधातून फारसं काही हाती लागत नाही, भार मात्र पुरेपूर पडतो. कॉलेजच्या हॉस्टेलवर हा रूल हमखास सापडतो. बेधडक काढा.

यानंतर इंटरफेसवर पॅकेट प्रतिसेकंद आणि बिट प्रतिसेकंद शेजारी ठेवून बघा. बिटला आठाने भागा, आलेल्या आकड्याला पॅकेटांनी भागा, म्हणजे पॅकेटचा सरासरी आकार मिळतो. तो सात-आठशे बाइटच्या वर असेल तर लोक व्हिडिओ बघत आहेत, वाहतूक खरी आहे आणि रूलच महाग पडत आहेत. सरासरी ८०-१०० वर आली असेल तर रूलना हात लावू नका, कुठेतरी लूप झाला आहे, नाहीतर कोणाच्या तरी घरातला कॅमेरा किंवा डीव्हीआर बाहेर हल्ले करतोय. लूप असेल तर ब्रॉडकास्टची मोजणी झपाट्याने चढते आणि सगळे पोर्ट एकदम लुकलुकायला लागतात. कृष्णेचा २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिलेला सांगलीचा माणूस दोन वाटा ठेवायचा विचार करणारच, एक फायबर आणि एक वायरलेस. दोन्ही एकाच ब्रिजमध्ये टाकल्या तर ती रिंग होते. तिथे आरएसटीपी चालू हवंच, आणि ते दोन्ही टोकांना.

आता 'यूज आयपी फायरवॉल'च्या मूळ टिकेकडे. ती काढून बघणं हीच खरी परीक्षा, पण रात्री आठला नाही. पहाटे किंवा दुपारी, वाहतूक कमी असताना करा. शक्यतो आधी सेफ मोड लावा. टर्मिनलमध्ये कंट्रोल आणि एक्स दाबलं की तो लागतो. संपर्क तुटला तर साधारण ९ मिनिटांनी बॉक्स आपोआप आधीच्या स्थितीला जातो. पाचगणीच्या बाजूच्या टॉवरवर ऐन पावसात गाडी काढायची वेळ ज्याच्यावर आली आहे, त्याला या नऊ मिनिटांची किंमत वेगळी सांगायला नको.

टिक काढली आणि सीपीयू ९० वरून २० वर आला, तर दुखणं सापडलं. औषध अजून बाकी आहे, कारण ती टिक कशासाठी तरी लावलेली होती. ब्रिजवरच्या वाहतुकीला सिंपल क्यू लावायची असेल, तर ती टिक लागतेच. ती काढल्यावर ज्यांचे स्पीड बांधलेले होते ते सुटतात, आणि दहा एमबीचा ग्राहक रात्रीत शंभर एमबीचा होतो. म्हणून आधी स्पीड बांधण्याचं काम हलवा. ग्राहकाचं पीपीपीओई ज्या मुख्य राउटरवर संपतं, तिथेच त्याचा स्पीड रेडियसवरून लागायला हवा. मधल्या टॉवरवरच्या बॉक्सने स्पीडचा विचार करायचं कारण नाही. ग्राहकाच्या छतावरच्या रेडिओवर किंवा घरातल्या ओएनयूवर स्पीड बांधता येत असेल तर आणखी उत्तम, कारण जादा पॅकेट तिथेच थांबतं.

त्या टिकेच्या शेजारी आणखी दोन टिका असतात, एक व्हीलॅनसाठी आणि एक पीपीपीओईसाठी. पीपीपीओईची टिक नसेल तर आयपी फायरवॉलला पॅकेटच्या आतला पत्ता दिसतच नाही. त्यामुळे गंमत अशी होते, की पीपीपीओईवर चालणाऱ्या गावात आयपीचे पन्नास रूल टाकलेले असतात, त्यातल्या एकाचाही काउंटर हलत नाही, आणि तेच नेटवाले "आमचं फायरवॉल एकदम कडक आहे" असं छातीठोकपणे सांगतात. काउंटर शून्यावर आणून दोन दिवस वाट बघा. दोन दिवसांत ज्या रूलवर एकही पॅकेट आलं नाही, तो बंद करा. लगेच पुसू नका, बंद ठेवा.

पीपीपीओईच्या नेटवर्कमध्ये टॉवरवरच्या ब्रिजला फिल्टर ठेवायचाच असेल, तर तो फार छोटा असू शकतो. ग्राहकाकडून दोनच प्रकारची पॅकेट यायला हवीत: जोडणी शोधताना ८८६३ आणि जोडणी झाल्यावर ८८६४. बाकी सगळं टाकून द्यायचं. म्हणजे फॉरवर्डमध्ये तीन रूल पुरतात, आणि त्यात ८८६४ चा रूल सगळ्यात वर. ही क्रमाची गोष्ट किरकोळ वाटते, पण रूल वरून खाली वाचले जातात आणि जुळला की वाचणं थांबतं. शंभरातली नव्याण्णव पॅकेट ८८६४ ची असतील, तर ती पहिल्याच पायरीवर मोकळी होतात. तोच रूल साठाव्या जागेवर असेल तर प्रत्येकाला साठ पायऱ्या. चुकीच्या राउटरने वाटलेले पत्ते, विंडोजचा गोंगाट, टीव्ही शोधणारी मल्टिकास्ट पॅकेट, सगळं तिसऱ्या रूलवर अडतं. पत्ते वाटणाऱ्या राउटरसाठी वेगळा रूल लागतच नाही. मॅनेजमेंटचं व्हीलॅन त्याच पोर्टवरून जात असेल तर त्याची वाट मात्र आधी मोकळी ठेवा, नाहीतर स्वतःच्याच रेडिओपर्यंत पोचता येणार नाही.

पीपीपीओई नसेल, थेट डीएचसीपी असेल, तर ब्रिजचं डीएचसीपी स्नूपिंग वापरून बघा. ते प्रत्येक स्विच चिपवर हार्डवेअरमध्ये चालत नाही. काही बॉक्सवर ते लावलं की चिपचं काम सीपीयूवर येतं. लावल्यावर ब्रिजच्या पोर्टांच्या यादीत प्रत्येक पोर्टासमोर 'एच' अक्षर राहिलं आहे का ते बघा. 'एच' असेल तर पोर्ट चिपवर चालतोय. अक्षर गेलं, तर भार सीपीयूवर आला.

याच 'एच'ची दुसरी बाजू जास्त धोक्याची आहे. राउटर ओएस ६.४१ पासून ब्रिजला हार्डवेअरची साथ आपोआप मिळते. चिपमधून परस्पर गेलेलं पॅकेट ब्रिज फिल्टरला दिसत नाही. एखादा अपग्रेड झाला, सीपीयू एकदम खाली आला, मालक खूश. प्रत्यक्षात फिल्टरच निकामी झालेला असतो आणि एका घरातला कॉम्प्युटर दुसऱ्या घरातल्याला दिसायला लागतो. सीपीयू उतरला की आनंद मानण्याआधी रूलचे काउंटर चालतात का ते बघा. रुग्णालयात हे विसरू नका. मिरजेसारख्या गावात एकाच इमारतीत दवाखाना, लॅब आणि औषधांचं दुकान एकाच स्विचवर असणं नवं नाही. अडवायचंच असेल तर चिपच्या स्वतःच्या रूलमध्ये अडवा. सीआरएस ३०० मालिकेच्या स्विचमध्ये ती सोय आहे, आणि तिथला रूल सीपीयूचं काही खात नाही. नुसतं एका ग्राहकाला दुसऱ्यापासून तोडायचं असेल तर स्विच किंवा ओएलटीमधलं पोर्ट आयसोलेशन पुरतं.

काही ठिकाणी आयपी फायरवॉल टाळता येत नाही. तिथेही निम्मा भार सहज उतरतो. आधीच चालू असलेल्या कनेक्शनची पॅकेट सोडणारा रूल, म्हणजे एस्टॅब्लिश्ड आणि रिलेटेडचा, सगळ्यात वर आणा. दोनशे पत्ते अडवायचे असतील तर दोनशे रूल लिहू नका. पत्त्यांची एक ॲड्रेस लिस्ट करा आणि तिच्यावर एक रूल. बॉक्स फक्त ब्रिज म्हणून चालत असेल, त्यावर नॅट नसेल, तर कनेक्शन ट्रॅकिंगची वही ठेवायची गरजच नाही. 'रॉ' टेबलमध्ये नोट्रॅकचा रूल टाकला की नोंदी थांबतात. मग एस्टॅब्लिश्डचा रूल मात्र निरुपयोगी होतो, हे लक्षात ठेवून बाकीचे रूल लिहा.

लॉगबद्दल थोडं. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इनने १८० दिवसांचे लॉग ठेवायचे निर्देश दिले, तेव्हापासून अनेकांनी दिसेल त्या रूलला लॉगची टिक लावली. टॉवरवरच्या ब्रिजवर लॉग लिहून कोणालाही काही सिद्ध करता येत नाही, कारण ग्राहकाचा खाजगी पत्ता आणि बाहेरचा पत्ता यांची जोडी तिथे नसतेच. ती नॅट करणाऱ्या राउटरवर असते. लॉग तिथे घ्या, वेगळ्या सर्व्हरवर पाठवा, आणि ब्रिजवरच्या टिका काढा.

लिनक्सवाल्यांसाठी. 'टॉप' उघडा, '१' हा आकडा दाबा म्हणजे कोर वेगवेगळे दिसतील, आणि 'एसआय'चा रकाना बघा. एका कोरवर तो ९० च्या पुढे आणि 'के-सॉफ्टआयआरक्यूडी' वर आलेलं, म्हणजे पॅकेटांचं ओझं. मायक्रोटिकच्या टिकेचं इथलं भावंड म्हणजे 'बीआर नेटफिल्टर' हे मॉड्यूल. कर्नेल ३.१८ पासून ते वेगळं आहे, पण ते लोड झालं की ब्रिजवरची आयपी पॅकेट मुकाट्याने आयपीटेबल्समध्ये शिरतात. पुष्कळदा ते कोणी मुद्दाम लावलेलं नसतं. सर्व्हरवर डॉकर बसवलं आणि ते सोबत आलं. 'ब्रिज-एनएफ-कॉल-आयपीटेबल्स'ची किंमत १ असेल तर शून्य करून बघा. त्याच मशीनवर डॉकर किंवा कुबेरनेटिस खरोखर चालत असेल तर मात्र करू नका, त्यांची आतली बंधनं यावर उभी असतात. ब्रिजचं काम दुसऱ्या मशीनवर न्या. फिल्टर लागणारच असेल तर एनएफटेबल्सच्या ब्रिज कुटुंबात सेट वापरून लिहा. ब्रिजवरचं कनेक्शन ट्रॅकिंगही कर्नेल ५.३ पासून तिथेच होतं, त्यासाठी आयपीटेबल्सकडे वळसा घ्यावा लागत नाही.

एक कोर भरून बाकीचे रिकामे, या दुखण्याचं पीपीपीओईशी जुनं नातं आहे. नेटवर्क कार्ड पॅकेटमधले आयपी पत्ते बघून ती वेगवेगळ्या कोरना वाटतं. अनेक कार्डांना पीपीपीओईच्या आत बघता येत नाही, म्हणून सगळी पॅकेट एकाच रांगेत पडतात. कर्नेलमधलं आरपीएस लावलं की ही वाटणी सॉफ्टवेअर करतं. थोडा खर्च येतो, पण तुंबलेला कोर सुटतो. प्रॉक्समॉक्स वापरणाऱ्यांनी व्हर्च्युअल मशीनच्या नेटवर्क कार्डावरची फायरवॉलची टिक बघावी. ती लावली की त्या मशीनसाठी मध्ये आणखी एक छोटा ब्रिज तयार होतो. पीएफसेन्स किंवा फ्रीबीएसडीवर 'पीफिल मेंबर' आणि 'पीफिल ब्रिज' या दोन्ही किंमती १ असतील तर एकच पॅकेट आत येताना, ब्रिजवर आणि बाहेर जाताना तपासलं जातं. एक ठेवा.

इतकं करूनही संध्याकाळी सीपीयू ७०-८० च्या खाली येत नसेल, तर बॉक्स खरोखर लहान आहे. मग खरेदी करा. मायक्रोटिकच्या प्रत्येक बॉक्सच्या पानावर चाचणीचा तक्ता असतो. दुकानदार त्यातली 'फास्ट पाथ'ची ओळ दाखवतो, कारण तिथला आकडा सगळ्यात मोठा असतो. तुमचा रूल एक असो की दहा, तुम्ही त्या ओळीतले नाही. 'ब्रिजिंग, २५ ब्रिज फिल्टर रूल' ही ओळ शोधा, आणि त्यातही १५१८ चा रकाना सोडून ५१२ बाइटचा वाचा. तो आकडा तुमच्या आजच्या रात्रीच्या वाहतुकीच्या किमान दुप्पट असेल तर बॉक्स घ्या. त्याच पानावर ब्लॉक डायग्रामही असतो. कुठले पोर्ट चिपला जोडलेत आणि कुठले थेट सीपीयूला, हे त्यात दिसतं. ज्या दोन पोर्टांमध्ये तुमची सगळ्यात जास्त वाहतूक जाणार आहे, ते दोन्ही एकाच चिपवर येतात का, हे पैसे देण्याआधी बघून घ्या.